मुकी गाडी विकणारे आबा

आमच्या घरात कुणी नवी गाडी घ्यायची म्हटलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. जळगावच्या हायवेवरच्या शोरूममध्ये मी बावीस वर्षं काढली, तेव्हा गाडीतलं मला कळत असणार, असा आमच्या भाऊबंदांचा भाबडा समज आहे. खरं सांगायचं तर मी तिथे कागद करत असे. नोंदणी, विमा, नंबरप्लेट. बॉनेटच्या आत काय असतं ते मी फक्त फॉर्मवर वाचलेलं आहे, आणि मी माझी जुनी छोटी गाडी रिव्हर्समध्ये घ्यायला लागलो की शेजारी आपापल्या कुंड्या आत घेतात. त्यामुळे असा प्रश्न आला की मी अजूनही सवयीने म्हणून जातो, "थांबा, आबांना विचारू." मग लक्षात येतं. आबा गेले त्याला दुसरं वर्ष लागलं आहे.

दिगंबर सपकाळे हे त्यांचं नाव, पण शोरूममध्ये शेठपासून गाड्या धुणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. मूळचे धुळ्याजवळच्या खेड्यातले. तरुणपणी ट्रॅक्टर विकले, मग जीप, मग आमच्याकडे मोठ्या गाड्या. अंगाने बारीक, शर्ट पांढरा आणि कडक इस्त्रीचा. कंपनीने सेल्सच्या सगळ्यांना टाय दिले होते. आबा तो गळ्यात न घालता खिशात ठेवत आणि त्याचं टोक बोटभर बाहेर काढत. शेठने एकदा टोकलं, तर म्हणाले, "कंपनीला टाय दिसला पाहिजे आणि गिऱ्हाइकाला माणूस. दोघांचं काम झालं ना?"

गाडी विकण्यापेक्षा न विकण्यात या माणसाला जास्त रस आहे की काय, अशी मला बरेचदा शंका यायची. बोदवडचे एक मास्तर सात सीटची मोठी गाडी घ्यायला आले होते. आबांनी त्यांना चहा दिला आणि घरात किती माणसं, किती गावाला जातात, कोण मागे बसून ओकतं, असं सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "मास्तर, वर्षातून एकदा सप्तशृंगीला जायला ही गाडी. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तुमच्या गल्लीत ती वळणार नाही, आणि तुम्ही मला शिव्या द्याल." मास्तर छोटी गाडी घेऊन गेले. शेठ कपाळाला हात लावून बसले. पण पुढच्या चार वर्षांत त्या मास्तरांच्या शाळेतल्या सहा जणांनी आमच्याकडून गाड्या घेतल्या, आणि सहाही जण दारातूनच विचारत आले, आबा आहेत का?

आबांच्या शब्दाला ही किंमत होती ती त्यांच्या कानामुळे. आमच्याकडे मोठी गाडी घेणारा माणूस एकटा कधीच येत नाही. आईवडील, काका, मामी येतात, आणि सोबत एक पारखी असतो. म्हणजे गावातला जुना ड्रायव्हर किंवा मेकॅनिक. तो किमतीकडे बघत नाही, सीटवर बसत नाही. बॉनेट उघडायला लावतो, इंजिन चालू करायला सांगतो आणि मान वाकडी करून ऐकतो. त्याने मान हलवली की गाडी ठरली. आबा या सगळ्या पारख्यांचे पारखी. सकाळी चहाचा ग्लास घेऊन शोरूमच्या पायरीवर उभे राहत, रस्त्याकडे पाठ करून. एकदा जामनेरचे एक डॉक्टर जीपने आमच्यासमोरून वळून आत आले. आबांनी मागे न बघताच सांगितलं, "डॉक्टर, पंख्याचा पट्टा सुटत आलाय. बदलून जा." डॉक्टर घाईत होते. तासाभराने त्यांचा नशिराबादहून फोन आला, कुणाला तरी पाठवा म्हणून. त्यानंतर ते डॉक्टर माणसांची छाती तपासताना आबांचं उदाहरण देत, असं ऐकलं.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आबांचं घर बौद्ध. नारळ, लिंबू, कुंकू यातलं त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. पण नवी गाडी न्यायला माणसं आली की पूजेचं ताट त्यांच्याइतकं नेटकं कुणी लावत नसे. टेबलाच्या खालच्या खणात लिंबं कायम असायची, चार चाकांखाली चार आणि एक जास्तीचं. मी एकदा आगाऊपणे विचारलं, तर म्हणाले, "लिंबू माझं नाही, त्यांचं आहे. त्यांच्या घरचा दिवस आहे, आपण त्यात हात आखडता घ्यायचा नाही."

अशा माणसाच्या पुढ्यात ती गाडी आली.

हायब्रीड. मोत्याच्या रंगाची, आत चामड्याच्या सीटा, छतभर काच. पुण्याहून एक सुटाबुटातला ट्रेनर आला आणि त्याने आम्हा सगळ्यांना पडद्यावर समजावून सांगितलं. हिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीपण आहे. निघते बॅटरीवर, लागेल तेव्हा इंजिन आपोआप चालू होतं, आपोआप बंद होतं. बॅटरीही चालता चालता आपणच भरते, घरी वायर लावायची गरज नाही. गर्दीत निम्म्या पेट्रोलमध्ये चालते. मला त्यातलं फक्त 'नोंदणीचा प्रकार' एवढं कळलं. आबा मात्र पहिल्या रांगेत बसून शाळकरी पोरासारखे लिहून घेत होते.

गाडी शोरूमच्या मधोमध उभी राहिली आणि उभीच राहिली. बघायला जत्रा, घ्यायला कुणी नाही. एक केळीवाले भाऊ येण्याआधीच गोठ्यात मोठं सॉकेट बसवून आले होते. वायर लागतच नाही म्हटल्यावर त्यांना आपण फसलो असं वाटलं, आणि ते गेले ते गेलेच. सोन्याच्या दुकानवाल्यांनी डिकी उघडली, आत बॅटरीने खाल्लेली जागा बघितली आणि लग्नाच्या बॅगा कुठे ठेवायच्या म्हणून विचारलं. डाळमिलवाल्यांच्या मुलाचं म्हणणं, एवढ्या पैशात तर परदेशी चिन्हाची गाडी येते, नातेवाईक ओळखतात तरी. काही बिघडलं तर गाडी नाशिकला न्यावी लागेल, हे ऐकून बाकीचे उठत.

आणि सगळ्यांचे पारखी तर तिच्यापुढे हतबलच झाले. बटण दाबलं की समोर हिरवा दिवा लागायचा, बस. मान वाकडी करून ऐकायचं काय? अमळनेरकडचा एक म्हातारा ड्रायव्हर बराच वेळ बॉनेटशी उभा राहिला आणि मालकाला अहिराणीत म्हणाला, "चालू शे का बंद शे, काही समजत नही. गावमा गाडी उनी तरी कुत्रंबी उठाव नही." तिथून तिचं नाव मुकी गाडी पडलं. नाव पडल्यावर आमच्याकडे वस्तू खपत नाही.

शेठ आबांना म्हणायचे, तुम्ही एकदा चांगली आहे म्हणा, आत्ता जाईल. आबा चांगली आहे म्हणायचेच, पण पुढचंही सांगायचे. "थांबत थांबत चालणाऱ्या शहरात हिची खरी करामत. तुम्ही जळगाव ते सुरत एका दमात जाणार, तिथे हिची निम्मी हुशारी वाया जाईल. सावकाश विचार करा." गिऱ्हाईक सावकाश विचार करत बाहेर जाई.

तरी आबांचा त्या गाडीवर जीव बसला होता, हे मला दिसत होतं. दुपारी शोरूम रिकामं असलं की ते तिच्यात जाऊन बसत. काच लावून, हात मांडीवर ठेवून. एकदा मी विचारलं, एवढं काय आहे हिच्यात? तर म्हणाले, "हिच्यात बसलं की कुणालाच काही ऐकू येत नाही."

त्या वाक्याचा अर्थ कळणारा शोरूममध्ये मी एकटाच होतो. माझं टेबल त्यांच्या उजव्या हाताला. दोन वर्षांपासून ते फोन डाव्या कानाला लावायला लागले होते. पायरीवर रस्त्याकडे पाठ करून उभं राहणं बंद झालं होतं. गिऱ्हाईक उजवीकडून काही बोललं की आबा माझ्याकडे बघत, आणि मी तोच प्रश्न मोठ्याने परत म्हणे, जणू मलाच तो नीट कळला नाही. लोकांना वाटायचं हा कागदवाला मठ्ठ आहे. तसा तो समज फार चुकीचा नव्हता, म्हणून मी तो चालू दिला. आम्ही दोघं या विषयावर एक अक्षर कधी बोललो नाही. आबांचा कान गेला तर आबांचा शब्द गेला, आणि शब्द गेला तर आबांकडे राहिलं काय, हे दोघांनाही माहीत होतं.

मग प्रकाशभाऊ आले. पारोळ्याच्या पुढे त्यांची कापसाची जिनिंग मिल होती. स्वतः शिकलेले, नाशिकला मुलाकडे येणंजाणं. त्यांना गाडी पसंत पडली. त्यांची आई, सगळे तिला आक्का म्हणत, सत्तरीच्या पुढची, ठेंगणी, तुरतुरीत. तिने एकच विचारलं, सपकाळे आबा हीच गाडी द्या म्हणतात का? आबांनी तिला शेजारी बसवून फेरी मारून आणली, नेहमीप्रमाणे चांगलं-वाईट दोन्ही सांगितलं आणि म्हणाले, तुमच्या मुलाला ही शोभेल. ठरलं. शेठने सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

गाडी न्यायचा दिवस. सकाळचे अकरा. गाडी बाहेर फरशीवर, झेंडूचा हार घालून. घरची नऊ-दहा माणसं. प्रकाशभाऊ स्टिअरिंगवर बसून बटणं बघत होते. आबा समोर ताट घेऊन उभे, आणि मी दारात, हातात कागदांची फाईल. आक्काने तीन लिंबं ठेवली आणि चौथं घेऊन पुढच्या उजव्या चाकाशी वाकली. वाकता वाकता थांबली, वर बघून विचारलं, "भाऊ, गाडी बंद शे ना?"

आबांनी मान थोडी वाकडी केली. ऐकलं.

"बंद शे, आक्का. ठेवा."

गाडी बंद नव्हती. प्रकाशभाऊंनी बटण दाबलेलं होतं, गिअरचा दांडा पुढे जाण्यावर पडलेला होता, पाय ब्रेकवर होता. फोटोसाठी बायकोने हाक मारली म्हणून ते वळले, पाय सैल झाला आणि गाडी वीतभर पुढे आली. वीतभरच. आबांनी ताट टाकून आक्काला ओढलं, पण तिच्या उजव्या हाताची दोन बोटं लिंबासोबत चाकाखाली आली होती.

डॉक्टरांनी बोटं वाचवली. ती पुन्हा वळणार नाहीत, असंही सांगितलं.

प्रकाशभाऊंनी गाडी नेली नाही. दोन दिवसांत सगळ्या खान्देशात ती गोष्ट गेली, आणि गोष्टीत दोष एकटीचा होता. मुकी गाडी. आवाज नाही म्हणून घात झाला. शेठ दवाखान्यात स्वतः जाऊन आले आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, मनाला लावून घेऊ नका. तुमची चूक नाही. ती गाडीच तशी आहे." प्रकाशभाऊही तेच म्हणाले. जो तो तेच म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी त्यांची खुर्ची माझ्याकडे वळवली. माझं तोंड नीट दिसेल अशी. म्हणाले, "तू दारात होतास. इंजिन चालू होतं का?"

आता, लग्नाच्या मांडवात मला गप्प करायला चार माणसं लागतात. त्या वेळी मी फाईलची दोरी सोडत होतो, बांधत होतो. गडबड होती, लक्ष नव्हतं, असं काहीबाही पुटपुटलो. आबा माझ्या ओठांकडे बघत होते.

"नीट सांग. मला दुसरं कुणी सांगणार नाही."

गाडी कित्येक महिने उभी होती. बॅटरी उतरलेली असणार. प्रकाशभाऊंनी बटण दाबल्यावर थोड्याच वेळात इंजिन आपोआप चालू झालं होतं. हळू, पण स्वच्छ. मांजर घुरघुरतं तसं. मला वीस पावलांवर ऐकू आलं होतं. आबा बंद म्हणाले तेव्हा मी तोंड उघडलंही होतं. पण आबांच्या शब्दापुढे चारचौघांत बोलायचं, आणि तेही कानाच्या बाबतीत? मी वाट पाहिली. तेवढ्यात गाडी पुढे आली.

"होतं," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. खुर्ची परत सरळ केली. खालचा खण उघडून त्यातली लिंबं एकेक करून बाहेर काढली आणि पँट्रीत नेऊन ठेवली.

त्याच आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. उजवा जवळजवळ संपलेला, डावा निम्मा. मग शेठच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. शेठ चांगला माणूस. दार लावून घेतलं आणि म्हणाले, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. लोकांनी गाडीला दोष दिला आहे, गाडीला बायकापोरं नाहीत. मशीन लावा, टेबलावर बसून राहा. आबा म्हणाले, "शेठ, ज्यानं केलं नाही त्याच्या माथी मी कसं ठेवू?"

रविवारी मला म्हणाले, "आक्काकडे जायचंय. मला मागचे हॉर्न ऐकू येत नाहीत, तू गाडी चालव." माझ्या गाडीत जिवावर उदार होऊन बसणारा हा पहिलाच माणूस. 

आक्का ओसरीवर बसली होती, हाताला पांढरी पट्टी. आबांना बघून तिने डाव्या हाताने चटई पुढे सरकवली. प्रकाशभाऊ आतून आले. पाणी झालं. आबा चटईवर बसले नाहीत, पायरीवरच बसले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार थोडक्यात बोलले.

"आक्का, गाडीना दोष नही. गाडी बोली ऱ्हायनी व्हती. माले ऐकू उनं नही."

प्रकाशभाऊ जाऊ द्या, जाऊ द्या म्हणायला लागले. आक्काने त्यांना हाताने थांबवलं. तिने आबांकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"माले ऐकू उनं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "म्हणीसन तर तुले इचारं. तू बंद शे म्हणना, मंग मी हात पुढे कया."

तिने इंजिन ऐकलं होतं. मी ऐकलं होतं, तसंच. आणि स्वतःचा कान बाजूला ठेवून आबांच्या शब्दावर हात चाकापुढे नेला होता.

आबांनी खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. वयाने ते तिच्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असतील. ती "अरे, अरे" करत राहिली. सुनेने चहा आणला. आम्ही तो प्यालो. काय करणार.

येताना आबा धरणगावच्या फाट्यापाशी बोलले. "तीस वर्षं मला वाटत होतं, माझा कान चांगला आहे म्हणून लोक येतात. लोकांनी त्यांचे कानच माझ्याकडे आणून ठेवले होते, रे. अशा माणसाला कमी ऐकू यायला लागलं, तर त्याने त्याच दिवशी सांगायला पाहिजे. मी दोन वर्षं लपवलं." मग म्हणाले, "आणि तू मला मदत केलीस." त्यात चिडचिड नव्हती. हिशेब बरोबर असावा म्हणून माझंही नाव घेतलं, इतकंच. पुढचे पाच-सहा मैल मी फार जपून गाडी चालवली.

महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. शेठने खूप समजावलं. निरोपाच्या आधी आबा जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करत होते. फोन मी लावायचा आणि पलीकडचं मी ऐकून त्यांना सांगायचं. ते प्रत्येकाला तेच सांगत. गाडी बरी आहे, इंजिन चालू होतं, मला ऐकू आलं नाही. पलीकडची माणसं म्हणत, आबा, तुम्ही मोठ्या मनाचे, गाडीचं पाप अंगावर घेता. एकालाही ते खरं वाटलं नाही. बहिरे आबा लोकांना पटत नव्हते, मुकी गाडी मात्र केव्हाच पटली होती. पुढे ती गाडी कंपनीने ट्रेलरवर चढवून नेली. त्या दिवशी आबा शोरूममध्ये नव्हते, ते बरं झालं.

ते धुळ्याला देवपुरात मुलीकडे राहायला गेले. वर्षभराने मी एका लग्नाला धुळ्याला गेलो होतो, तेव्हा जेवण आटोपून त्यांच्याकडे गेलो. दोन्ही कानांत मशीन होतं. चांगलं ऐकू येतं म्हणाले, फक्त सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. नातीच्या शाळेचं, शेजारच्यांच्या भांडणाचं बोलले. गाड्यांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. मुलीने नव्या गाडीबद्दल काही विचारलं, तर ते हसून म्हणाले, जावयांना विचार, मला त्यातलं कळत नाही.

निघताना खाली सोडायला आले. मी गाडीत बसलो, चालू केली. माझ्या गाडीचा आवाज चार घरांपलीकडे जातो. आबांना समोरच्या दुकानातून दूध घ्यायचं होतं, त्यासाठी माझ्या गाडीपुढून पलीकडे जायचं होतं. ते निघाले आणि बंपरपाशी थांबले. उजवा हात उघडा करून बॉनेटवर सपाट ठेवला. डोळे मिटले नाहीत, मान वाकडी केली नाही. नुसता हात ठेवून उभे राहिले, आणि काचेतून माझ्याकडे बघितलं.

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

हाताखालचा पत्रा थरथरायचा थांबला. आबांनी हात लगेच काढला नाही. आणखी थोडा वेळ तसाच ठेवला. मग गाडीपुढून सावकाश पलीकडे गेले, आणि दुकानाच्या पायरीवर चढल्यावर मला हाताने खूण केली, की आता जा.